रोजचे ५६४ रुपये

रिटर्न भरायला येणाऱ्या तरुण पोरापोरींपैकी दोघं-तिघं तरी दरवर्षी कागद पुढे सरकवता सरकवता विचारतात, "मॅडम, नोकरी सोडून वर्ष-दोन वर्षं नुसतं फिरायचं म्हटलं, तर किती लागतील?" मी सांगलीत करसल्लागार आहे. माझं स्वतःचं फिरणं सांगली ते मिरज एवढंच. तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण माझा धाकटा भाऊ तसा गेला होता आणि त्याच्या चौदा महिन्यांचा पैन्‌पैचा हिशेब माझ्या कपाटात आहे. त्याला विचारूनच तो इथे मांडते. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

हिशेब म्हणजे निळ्या पुठ्ठ्याच्या दोन शंभरपानी वह्या. प्रत्येक पानावर पाच रकाने: प्रवास, मुक्काम, खाणं, फोन-कपडे-औषधं, इतर. शेवटच्या पानावर बेरीज आहे. प्रवास ६१,४००, मुक्काम ५८,९००, खाणं ७१,३००, फोन-कपडे-औषधं १९,२००, इतर १६,४००. एकूण २,२७,२०० रुपये, ४०३ दिवसांत. म्हणजे रोजचे ५६४. हा आकडा तो चारचौघांत अभिमानाने सांगतो, आणि तो खोटा नाही. मी दोनदा तपासलाय. माझी तक्रार वहीत काय लिहिलंय याबद्दल नाही.

निघण्याआधी

२०१८ साली तो तेहतीस वर्षांचा होता. पुण्यात आरोग्यविम्याच्या दाव्यांची छाननी करायचा. हॉस्पिटलची फाइल वाचायची, बिल पॉलिसीच्या अटींशी ताडून बघायचं आणि मंजूर, नामंजूर किंवा कागद अपुरे यांपैकी एक शेरा मारायचा. जून २०१० पासून हेच काम. हातात ४६,००० यायचे. त्यातले पुण्यात राहण्या-खाण्याला २६,००० जायचे, ८,००० तो मिरजेला आईला पाठवायचा, उरलेले १२,००० शिल्लक. लग्न झालेलं नव्हतं.

आमचे वडील मिरजेला रेल्वेत होते. २०१४ ला निवृत्त झाले आणि २०१७ च्या फेब्रुवारीत गेले. त्यामुळे नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं की बाप गेला म्हणून पोराचं मन उडालं. मीही बरेच दिवस तेच धरून चालले होते. त्याने नंतर जे सांगितलं ते फारच साधं निघालं. त्याच्या फ्लॅटमधल्या जोडीदाराचं लग्न ठरलं. आता एकट्याने भाडं भरायचं किंवा नवा माणूस शोधायचा, एवढाच प्रश्न होता. त्यावर विचार करताना त्याने २६,००० ला तीसने भागलं. पुण्यात नुसतं असण्याचे रोजचे ८६७ रुपये पडत होते. पोरं सहाशेत देश फिरतात हे त्याने ऐकलं होतं. मग पुण्यातच का राहायचं?

गणित बरोबर होतं. फक्त आईकडे जाणारे ८,००० त्याने भागाकारात धरले नव्हते, कारण ते 'पुण्यातला खर्च' नव्हते. आणि फिरायला लागल्यावर ते बंद होणार होते. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, आईला पेन्शन आहे की. तिला लागतात कुठे?" हे अर्धं खरं होतं. वडिलांच्या माघारी आईला २५,२५० मूळ कुटुंब निवृत्तिवेतन, त्यावर महागाई भत्ता, एवढं मिळत होतं. औषधपाण्याला रेल्वेचा दवाखाना होता. त्याचे आठ हजार छपराची डागडुजी, बोअरची मोटर, आल्या-गेल्याचं असल्या गोष्टींना जात. गरज म्हणून नाही, पण जात होते.

राजीनामा ऑक्टोबरअखेरीस, दोन महिन्यांची नोटीस, ३१ डिसेंबर २०१८ शेवटचा दिवस. कागदोपत्री तो पक्का निघाला, हे कबूल करते. ग्रॅच्युइटीचं गणित त्याने स्वतः करून आणलं. नोकरी आठ वर्षं सात महिन्यांची. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा कायद्याने पूर्ण वर्ष धरतात, म्हणून नऊ वर्षं. शेवटचं मूळ वेतन २०,०००, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नऊ. १,०३,८४६ रुपये, करमुक्त. शिल्लक रजेचे ३१,५०० मिळाले. मुदतठेवी ४,२०,००० च्या. एकूण ५,५५,३४६.

पीएफला हात लावू नकोस, एवढी एक गोष्ट मी हट्टाने मनवली. तेव्हाच्या नियमाने दोन महिने बेकार राहिल्यावर सगळी रक्कम काढता येत होती आणि त्याच्यासारखी पोरं पहिल्यांदा तेच करतात. पण नोकरी सुटली म्हणून पीएफवरचं व्याज थांबत नाही. २०१८-१९ ला ८.६५ टक्के मिळालं, पुढच्या वर्षी ८.५. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, हे मात्र बहुतेकांना माहीत नसतं. तो लागला तरी परवडतं. पीएफमधल्या पेन्शनच्या भागाचंही तसंच. दहा वर्षं भरायच्या आत पैसे काढले की झालेली सेवा पुसली जाते. त्याची साडेआठ झाली होती. ती तशीच ठेवली.

आरोग्यविम्यात तर तो माझ्याही पुढे. आयुष्य त्याच धंद्यात गेलेलं. कंपनीची सामूहिक पॉलिसी नोकरीबरोबर संपते, पण त्याच विमा कंपनीत स्वतःची पॉलिसी करून घेतली तर आधीची वर्षं धरली जातात आणि जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होत नाही. नोटीस चालू असतानाच त्याने अर्ज टाकला. वर्षाला ८,९०० हप्ता.

त्या सामूहिक पॉलिसीत आईही होती. तिचं नाव नव्या पॉलिसीत घालायचं राहिलं. बासष्ट वर्षांची, साखर असलेली बाई, हप्ता बराच आला असता. आणि 'रेल्वेचा दवाखाना आहेच की.' तेव्हा मीही मान डोलावली, हे लिहायला हवं.

नर्मदेकाठचे ११८ दिवस

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन १६ जानेवारी २०१९ ला तो मिरजेहून निघाला. पहिला मुक्काम ओंकारेश्वर. तिथे गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात आठवडाभर राहिला, कागद केले, आणि २७ जानेवारीला परिक्रमा उचलली. त्याच्या बेतात आधी हे नव्हतं. तो देवभोळा नाही. भक्तनिवासात शेजारच्या खाटेवर नाशिकचे एक निवृत्त शिक्षक होते, ते निघाले म्हणून हा निघाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब. ती कायम उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठांनी चालायचं, मध्ये कुठेही ओलांडायची नाही. ओंकारेश्वरहून दक्षिण काठाने पश्चिमेला समुद्रापर्यंत, तिथे भरतीची वेळ धरून होडीने खाडी पार करून मिठीतलाईला उतरायचं, मग उत्तर काठाने उलटं अमरकंटकपर्यंत आणि तिथून परत ओंकारेश्वर. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. बहुतेक लोक चार-पाच महिन्यांत उरकतात. मराठी माणूस तिकडे इतका, की शूलपाणीच्या झाडीतही "नर्मदे हर" म्हटल्यावर पुढचं वाक्य मराठीत येतं, असं तो सांगतो.

त्या ११८ दिवसांत त्याचे १३,९०० रुपये खर्च झाले. दिवसाला ११८ रुपये. आकडे असे जुळले की मी तीनदा मोजलं. यातही पायांतले बूट दोनदा, खाडीची होडी, औषधं, फोन आणि आश्रमांत ठेवलेली थोडीफार दक्षिणा. राहणं-खाणं जवळजवळ शून्य. गावात पोचलं की कोणीतरी विचारतं, किती मूर्ती? म्हणजे तुम्ही किती जण. मग आसन लावायला ओटी मिळते, सकाळी चहा-बालभोग, दुपारी-रात्री भोजनप्रसादी. जिथे शिजवून घालणारं कोणी नसतं तिथे सदावर्त मिळतं: पीठ, डाळ, मीठ, दोन मिरच्या. टिक्कड स्वतः भाजायचं.

मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यात एका घरी त्याला काळा चहा मिळाला. दूध नाही का, असं त्याने सहज विचारलं. घरच्या बाईने सांगितलं, शेळी आटलीय. त्या घरात चार माणसं होती आणि त्या रात्री सहा परिक्रमावासी जेवले. वहीत त्या तारखेला 'खाणं: ०' आहे.

मी हिशेबाचं माणूस. त्याला म्हटलं, ११८ दिवस, दोन वेळचं जेवण, रात्रीचा निवारा, याची काहीतरी किंमत धर. बाजारभावाने नको, निदान डाळ-पिठाच्या भावाने धर. तो चिडला. "तिथे हिशेब करायचा नसतो, ताई." परंपरेने तो बरोबरच आहे. देणाऱ्याने हिशेब करायचा नसतो, आणि तिथले देणारे करत नाहीत. घेणाऱ्यानेही करायचा नसतो, असं कुठे लिहिलंय ते मला सापडलं नाही.

आता ५६४ कडे परत या. नर्मदेचे ११८ दिवस आणि १३,९०० रुपये बाजूला काढले, तर उरतात २८५ दिवस आणि २,१३,३०० रुपये. रोजचे ७४८. म्हणजे जिथे जिथे त्याला स्वतःचं भाडं-जेवण स्वतः भरावं लागलं, तिथे सहाशेची मर्यादा त्याला पाळता आली नाही. सरासरी उतरली ती दुसऱ्यांच्या डाळ-पिठाने. मला प्रश्न विचारणाऱ्या पोरांना मी हाच आकडा सांगते. २०१९ च्या भावाने साडेसातशे, आणि तेही रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला. त्याला कुठली गाडी रात्रीची घेतली की मुक्काम वाचतो, कुठल्या स्टेशनला करंट बुकिंग मिळतं, जनरलच्या कुठल्या डब्यात जागा असते हे लहानपणापासून पाठ. तुमचं तसं नसेल तर वर धरा.

माझ्याकडचं सिमकार्ड

निघताना त्याने एक जुना फोन माझ्याकडे ठेवला. त्यात बँकेत नोंदवलेल्या नंबराचं सिम. स्वतः तो नवं सिम घेऊन फिरणार होता, कारण डोंगरात कुठे रेंज असेल-नसेल, फोन हरवेल, आणि बँकेचा ओटीपी तर वेळेवर लागतो. ओटीपी कोणाला सांगू नये असं बँक रोज मेसेज करून सांगते. चौदा महिने मी त्याचे ओटीपी त्याला सांगत होते.

त्याच सुमाराला मोबाइल कंपन्यांनी नुसते फोन घेण्यासाठीही दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचं रिचार्ज सुरू केलं होतं. पुढे तेही वाढलं. ते मी करत होते. रक्कम किरकोळ. पण २८ दिवस मोजायचे कोणी, तर मी. ठेवीवरचा टीडीएस बघायचा मी. जुलैत त्याचं रिटर्न भरलं मी, कारण नऊ महिन्यांच्या पगारावर कंपनीने वर्षाच्या हिशेबाने जास्तीचा कर कापला होता. ७,६०० परत आले. हे माझं रोजचं काम, त्यामुळे जाणवलं नाही. जाणवलं ते आईकडचं.

तो पुण्यात होता तेव्हा दर दुसऱ्या शनिवारी मिरजेला यायचा. गॅस, लाइटबिल, मोटर, डॉक्टर, जे साचलेलं असेल ते दीड दिवसात निपटायचा. मी तेव्हा आठवड्यातून दोनदा आईकडे जायचे, ते बसायला, गप्पा मारायला. तो गेल्यावर त्याच फेऱ्या कामाच्या झाल्या आणि वाढल्या. मी माझी डायरी काढून मोजल्या. त्या चौदा महिन्यांत सांगली-मिरज २१२ फेऱ्या. हा लेख त्याला वाचायला दिला तेव्हा त्याचा पहिला आक्षेप यावरच होता: "तू तशीही जातच होतीस." बरोबर आहे. आठवड्याला दोन धरल्या तर सव्वाशेच्या आसपास मी तशाही केल्या असत्या. म्हणून त्या सोडते. उरलेल्या नव्वदेक फेऱ्या त्याच्या खात्यावर.

पुढचं थोडं लांबवते, कारण ते तसंच घडलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये तो स्पितीत होता, काझाजवळच्या एका गावी. एका घरगुती पाहुणघरात सकाळी स्वयंपाकाला मदत करायची, त्याबदल्यात खाट आणि जेवण. त्याच्या नव्या सिमला तिथे रेंज नव्हती. त्या खोऱ्यात तेव्हा बीएसएनएलच काय ते चालायचं. आठवड्यातून एकदा काझाला येऊन तो कोणाच्या तरी फोनवरून बोलायचा.

५ तारखेपासून कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ च्या पुरात ५४ च्या आत राहिलं होतं, त्यामुळे आमच्या गावभागातल्या लोकांच्या मनात एक रेघ पक्की होती: 'आपल्या पायरीपर्यंत येतं.' ६ तारखेला पायरी गेली. मी, नवरा, मुलगी, ऑफिसातल्या फायलींची दोन पोती आणि त्याचा तो जुना फोन, असे आम्ही मिरजेला आईकडे गेलो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ तारखेला ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. त्या दिवशी आई दर तासाला विचारत होती, "पोराचा फोन आला का?" पूर आमच्या दारात, आणि तिला काळजी हिमालयातल्याची. तिला वाटायचं, तिकडेही असंच असेल.

१० तारखेला पहाटे त्याने काझाच्या एका ढाब्यावर टीव्हीत सांगली बघितली. ढाबेवाल्याच्या फोनवरून त्याने फोन लावला तो माझ्या नंबरावर नाही, माझ्याकडे ठेवलेल्या स्वतःच्याच नंबरावर. तोच एक पाठ होता. त्याच दिवशीच्या बसने मनाली, रात्रीच्या बसने दिल्ली, पुण्यापर्यंत रेल्वे, आणि पुढे मिळेल ते करत १३ तारखेला मिरजेत पोचला. पाणी ओसरायला लागलं होतं.

त्याने काय केलं ते सांगायला पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. माझ्या घरात गुडघाभर काळा चिखल होता. फ्रिज आडवा तरंगून स्वयंपाकघराच्या दारात अडकलेला. सव्वीस दिवस तो पोरगा फावडं, पत्र्याचं घमेलं आणि शेजारून आणलेल्या पाइपने ते घर धूत होता. आमच्या घराबरोबर शेजारची तीन घरंही. बोलणं कमी, काम जास्त. पूर्वीचा तो असा नव्हता. पुण्याहून आला की फोन घेऊन पडायचा. दुरुस्तीला त्याने ४०,००० दिले, 'उसने' म्हणून मी लिहून ठेवले आणि त्याने ते कधी मागितले नाहीत. गौरी-गणपती झाले आणि ८ सप्टेंबरला तो पुन्हा निघाला. हे सव्वीस दिवस त्याच्या ४०३ मध्ये नाहीत. घरी असताना वही बंद.

नेपाळ, आणि आईचा डोळा

सप्टेंबरअखेर तो सोनौलीहून नेपाळमध्ये गेला. आपल्याला व्हिसा लागत नाही. तिथे शंभराच्या वरच्या भारतीय नोटा डिसेंबर २०१८ पासून बंद केलेल्या, म्हणून गोरखपूरला शंभराच्या नोटांची बंडलं करून घेतली. शंभराला १६० नेपाळी, ठरलेला दर. पोखऱ्यात दोन महिने काढले. ते दोन महिने त्याला सगळ्यात आवडले एवढंच मला माहीत आहे. वहीत त्या पानांवर आकड्यांशेजारी तळ्याची चित्रं आहेत.

नोव्हेंबरात आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. रेल्वेच्या दवाखान्यातून पुढे पाठवायला वेळ लागणार होता, आणि आईला समोरचं पातेलं दिसेना. मिरजेतच खासगीत करून घेतलं. २८,५०० रुपये. जुन्या सामूहिक पॉलिसीत हे बसलं असतं. ते मी भरले. हिरवी पट्टी, काळा चष्मा, दर दोन तासांनी थेंब, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. पंधरा दिवस मी मिरजेतच राहिले आणि ऑफिस शाळकरी भाचीच्या भरवशावर उघडं ठेवलं. त्याच महिन्यात आईचं जीवन प्रमाणपत्र, म्हणजे पेन्शन चालू राहायला दरवर्षी द्यायचा हयातीचा दाखला. सेवा केंद्रातल्या यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. भांडी घासून घासून रेषा गेल्यात. चौथ्या बोटाला यंत्र एकदाचं मान्य झालं.

तो फोनवर म्हणाला, येतो. आईने सांगितलं, "तू येऊन काय करणार? तू काय डॉक्टर आहेस होय?" तो नाही आला. आईने 'नको' म्हटलं म्हणून नाही आला, असं तो म्हणतो. आमच्याकडे आईचं 'नको' म्हणजे काय असतं हे त्याला पस्तिशीला आलं तरी कळत नाही, किंवा कळतं आणि सोयीचं पडतं. तो हे वाचणार आहे. वाचू दे.

डिसेंबरात मेघालय ठरलं होतं. पण आसामात आंदोलन पेटलं, गुवाहाटीत संचारबंदी आणि इंटरनेट बंद, म्हणून सिलिगुडीहून तो खाली वळला. ओडिशा, आंध्र, तमिळनाडू. धर्मशाळा, मठ, सकाळी इडली. हा भाग स्वस्त गेला आणि त्याबद्दल सांगण्यासारखं त्याच्याकडे फारसं नाही. मला वाटतं तो थकला होता. मार्चमध्ये मदुराईत होता. वातावरण बघून १८ तारखेला गाडी पकडली आणि २० मार्च २०२० ला घरी आला. २२ ला जनता कर्फ्यू, प्रवासी गाड्या थांबल्या. दोन दिवस उशीर झाला असता तर कुठे अडकला असता, यावर आईने नंतर सहा महिने काढले.

परतल्यावर

शिल्लक अशी. ५,५५,३४६ मधून निघतानाची सॅक-बूट-किरकोळ देणी १९,०००, फिरण्याचे २,२७,२००, विम्याचे दोन हप्ते १७,८००, पुराचे ४०,०००. उरले २,५१,३४६, वर थोडं व्याज. पीएफ जसाच्या तसा. रोजचे ७४८ धरले तर अजून अकरा महिने पुरले असते. दोन वर्षांचा बेत त्याने पैशापुरता तरी नीट बांधला होता.

न मिळालेला पगार धरायचा की नाही, यावर लोक भांडतात. चौदा महिन्यांचे जवळपास साडेसहा लाख. मी तो पूर्ण धरत नाही, कारण त्यातले सव्वीस हजार दर महिन्याला पुण्यानेच खाल्ले असते. धरायचं ते खरोखर बुडालेलं: महिन्याची १२,००० शिल्लक, पीएफचा दोन्हीकडचा वाटा आणि आईचे ८,०००. पहिले दोन त्याचे. तिसरं त्याचं नव्हे.

नोकरी ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाली, त्याच कामाची. कोविडच्या दाव्यांचा ढीग लागला होता आणि छाननी जाणणारी माणसं हवी होती. ३८,००० वर, म्हणजे आधीपेक्षा आठ हजार कमी. मुलाखतीत मधल्या काळाबद्दल विचारलं. त्याने सरळ सांगितलं, फिरत होतो. समोरच्याने म्हणे नर्मदेबद्दल वीस मिनिटं विचारलं आणि पगाराचा आकडा खाली आणला. काम घरून होतं, त्यामुळे तो मिरजेतच राहिला. जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, जोडला, पेन्शनची सेवा पुढे चालू झाली आणि २०२२ मध्ये दहा वर्षं भरली. तेव्हा काढली नाही याबद्दल त्याने माझे आभार मानले. फक्त याबद्दल.

२०२१ मध्ये एक गोष्ट झाली जी आम्हा दोघांच्याही हिशेबात नव्हती. मला ती कळायला हवी होती. निवृत्तीनंतर कर्मचारी गेला तर कुटुंबाला वाढीव दराने निवृत्तिवेतन मिळतं, पण सात वर्षं किंवा तो माणूस ६७ चा झाला असता ती तारीख, यांतलं जे आधी येईल तोवरच. वडील १९५४ चे. २०२१ मध्ये आईचं मूळ २५,२५० वरून १५,१५० वर आलं. महागाई भत्ताही तेव्हा गोठवलेला होता. "आईला पेन्शन आहे की" या वाक्याला मुदत होती, आणि ती त्याच्या दोन वर्षांच्या बेताच्या थोडीच पलीकडे होती. तो तेव्हा घरी आणि पगारावर होता म्हणून झळ लागली नाही.

त्याला या सगळ्यातून काय मिळालं, ते मला विचारू नका. तो स्वयंपाक करतो, मिक्सर उघडून दुरुस्त करतो, दारात कोणी आलं तर आधी पाणी देतो मग नाव विचारतो. दिंडोरीच्या त्या घरी दर वर्षी दिवाळीला मनीऑर्डर जाते, हे मला पोस्टाच्या पावतीवरून कळलं. वहीत लिहायला सांगितलं तर म्हणाला, तिथे हिशेब करायचा नसतो.

या नोव्हेंबरात तो पुन्हा निघतोय. राजीनामा नाही, तीन महिन्यांची बिनपगारी रजा. यावेळी बसून हिशेब दोघांनी केला. रोजचे ९०० त्याचे. आईकडे दिवसभर थांबायला एक मावशी, महिन्याला १२,०००, म्हणजे रोजचे ४०० आणखी. आईला आता त्याच्या नव्या कंपनीच्या पॉलिसीत घेतलंय. बिनपगारी रजेत ती चालू राहते का, हे त्याने लेखी मागवलंय. नव्या वहीत सहावा रकाना आहे. त्यावर त्याने काय लिहावं यावर आमचं एकमत झालं नाही. त्याने 'घर' लिहिलंय.

जीवन प्रमाणपत्र आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. त्याने आईच्या फोनवर ॲप घालून दिलंय आणि दोनदा शिकवलंय. ॲप डोळे मिचकवायला सांगतं आणि तिला हसू येतं, मग ते होत नाही. पहिल्या आठवड्यात मी जाणार आहे.